स्वयंपाकघरातली प्रार्थना

श्रोतेहो, नमस्कार.

"कामाच्या धबडग्यात प्रार्थनेला वेळच मिळत नाही," अशी खंत आपल्यापैकी अनेकांना असते. त्यांच्यासाठी आज मी ब्रदर लॉरेन्स यांच्याविषयी बोलणार आहे. सतराव्या शतकात पॅरिसच्या व्होजिरार रस्त्यावर कार्मेलाइट या ख्रिस्ती संन्यासी संघाचा मठ होता. त्या मठाच्या स्वयंपाकघरात त्यांनी पंधराएक वर्षं काढली.

मूळ नाव निकोला एर्मां. जन्म आजच्या फ्रान्समधल्या लोरेन प्रांतातला, १६१४च्या सुमाराचा. तरुणपणी ते सैनिक झाले, युरोपातल्या 'तीस वर्षांचं युद्ध' या नावानं ओळखल्या जाणाऱ्या युद्धात जखमी झाले आणि पाय कायमचा अधू झाला. पुढे एका खजिनदाराच्या घरी नोकरीला राहिले. तिथे मी इतका धांदरट होतो की हातात येईल ते फोडायचो, असं ते स्वतःच सांगत. १६४०मध्ये ते मठात दाखल झाले. पुरोहित म्हणून नव्हे, अंगमेहनतीची कामं करणारे साधे ब्रदर म्हणून.

आणि वाट्याला आलं स्वयंपाकघर, जे त्यांना मुळीच आवडत नव्हतं. जोझेफ द बोफोर या पुरोहितांनी त्यांच्याशी झालेल्या गप्पा टिपून ठेवल्या, त्यात हे स्पष्ट आलंय. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आवडीचं काम शोधा म्हणजे जगण्याला अर्थ येईल, असं आज सगळीकडून सांगितलं जातं. ज्यांना निवडीची मुभाच नाही, त्यांनी काय करायचं? लॉरेन्स काम बदलायला गेले नाहीत. ते काम कुणासाठी करायचं, तेवढं त्यांनी ठरवलं. तव्यावरचं ऑम्लेट उलटायचं तेही देवावरच्या प्रेमापोटी.

त्यांची रीत अगदी साधी होती. काम हाती घेताना देवाकडे मदत मागायची, काम चालू असताना अधूनमधून त्याच्याशी दोन शब्द बोलायचे. काम झालं की चांगलं झालं असेल तर आभार, बिघडलं असेल तर क्षमा, आणि खंत करत न बसता पुढचं काम. चहूकडून माणसं एकाच वेळी हे दे, ते दे म्हणत असतानाही, परमप्रसादासमोर, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीसमोर, गुडघे टेकल्यावर मिळते तीच शांती आपल्याला स्वयंपाकघरात मिळते, असं ते म्हणत. ज्या संघात ते होते, त्याच्या सुधारक अविलाच्या संत तेरेजा यांनीही आपल्या भगिनींना लिहून ठेवलं होतं, की प्रभू भांड्याकुंड्यांमध्येही वावरतो.

एकदा मठासाठी द्राक्षमद्य खरेदी करायला त्यांना फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात पाठवलं. व्यवहाराचं डोकं नाही, आणि पाय असा की नावेत पिंपांवरून लोळत सरकावं लागे. "देवा, हे काम तुझं आहे," एवढं म्हणून ते गेले. काम नीट पार पडलं.

ही शांती मात्र झटपट आली नव्हती. सुरुवातीची दहा वर्षं आपण फार तळमळत काढली, असं त्यांनी एका पत्रात लिहिलंय. चिंतनप्रार्थना म्हणजे डोळे मिटताच मिळणारं समाधान, असं समजून जे बसतात आणि चार दिवसांत निराश होऊन उठतात, त्यांना हे कुणीतरी आधीच सांगायला हवं. प्रार्थनेत मन भरकटतं अशी तक्रार करणाऱ्या एका व्यक्तीला त्यांनी सल्ला दिला: श्रीमंताच्या दारात बसलेल्या मुक्या, पांगळ्या भिकाऱ्यासारखं देवापुढे नुसतं बसून राहा. मन गेलं तर हळूच परत आणा, त्याच्याशी झगडू नका.

इथे एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. ही शिकवण आपल्या स्वतःच्या हातांसाठी आहे. मालकानं नोकराला, सासूनं सुनेला 'देवासाठी कर' म्हणून गप्प बसवण्यासाठी ती वापरली, तर तो देवाच्या नावाचा गैरवापर आहे. कष्टाचं दाम चोख मिळालंच पाहिजे, थकल्या शरीराला विश्रांतीही. लॉरेन्स यांनी हा मार्ग स्वतः, राजीखुशीनं धरला होता.

पुढे त्यांना मठातल्या वहाणा दुरुस्त करायचं काम मिळालं. ते त्यांना आवडलं. पण स्वयंपाकघर जसं सोडलं तसं हेही सोडायला मी केव्हाही तयार आहे, असं ते म्हणाले. देवावरच्या प्रेमापोटी करण्याजोगी लहानसहान कामं त्यांना कुठेही सापडणारच होती.

नमस्कार.