आल्येचा फोन कोण ऐकत होतं?

(जुनं फुटेज, पारी प्रमियेर चॅनल, १९९०चं दशक)

हे आधी नीट बघा. समोर पुस्तकांचा ढीग, मागे विस्कटलेल्या केसांचा एक माणूस, एकेक पुस्तक उचलतो, चार वाक्यं बोलतो आणि नाही आवडलं की सरळ भिरकावून देतो. परत बघा. पुस्तक हवेत उघडतं, पानं फडफडतात. आता हे कुठे चाललंय तेही लक्षात घ्या, फ्रान्समध्ये, जिथं दर शुक्रवारी रात्री बेर्नार पिवोंचा 'आपोस्त्रोफ' हा निव्वळ पुस्तकांवरचा कार्यक्रम लाखो लोक बघायचे आणि त्यात एखाद्या लेखकाची चर्चा रंगली की त्याचं पुस्तक दुकानातून भराभर उचललं जायचं. त्याच देशात टीव्हीवर बसून पुस्तक फेकायचं म्हणजे देवघरात चप्पल घालून जाण्यासारखं होतं. लोक चिडायचे आणि तरी बघायचे.

हा जाँ-एदेर्न आल्ये. कादंबरीकार. जन्म १९३६चा, वडील सैन्यात जनरल. एका डोळ्यानं आधीपासूनच दिसत नव्हतं आणि या फुटेजच्या सुमाराला दुसऱ्याचीही नजर जवळपास गेलेली होती. म्हणजे आपण जे बघतोय ना, ते जवळजवळ आंधळ्या झालेल्या माणसानं चालवलेला पुस्तकांचा शो आहे.

(क्लोजरी दे लिला, पॅरिस, बाहेरून आणि मग आत)

ही मोंपार्नास भागातली क्लोजरी दे लिला, लेखकांचा जुना कॅफे. बाहेर नेपोलियनचे सेनापती मार्शल 'ने' यांचा तलवार उगारलेला पुतळा आहे आणि आत टेबलांवर पितळेच्या छोट्या पट्ट्या ठोकल्यात, त्यावर इथं बसून गेलेल्या लेखकांची नावं, बारपाशी हेमिंग्वेचं. कॅमेरा जरा जवळ नेलाय, घासून घासून पितळ कसं गुळगुळीत झालंय बघा. आल्येचा अड्डा हाच. भेटीगाठी, भांडणं, फोन, सगळं इथून. हे 'फोन' लक्षात ठेवा.

त्याची लेखक म्हणून सुरुवात जोरदार होती. १९६०मध्ये फिलिप सोलेर्स वगैरे पोरांबरोबर त्यानं 'तेल केल' हे मासिक काढलं, जे पुढे फ्रेंच साहित्यात फार मोठं नाव झालं, पण तोवर या मंडळींनी आल्येला बाहेर काढलं होतं. १९६३मध्ये पहिली कादंबरी आली. मग १९६९मध्ये त्यानं 'लिदियो अँतेर्नास्योनाल' नावाचं डाव्या विचारांचं पेपर काढलं, सिमोन द बोव्हुआर यांनी काही काळ त्याला आपलं नाव दिलं आणि नंतर त्याही बाजूला झाल्या. हेच पेपर १९८९मध्ये त्यानं पुन्हा उभं केलं, मिशेल वेल्बेकसारखे तेव्हा फारसे माहीत नसलेले लोक त्यात लिहायचे, आणि कुणाकुणाला झोडायचं याला काही धरबंधच नव्हता. मंत्री, उद्योगपती, दुसरे लेखक, सगळे. बेर्नार तापी या बड्या उद्योगपतीच्या जुन्या गुन्ह्यांची नोंद छापली, बदनामीच्या केसेस झाल्या, दंडावर दंड बसले. १९९३मध्ये अती डावे आणि अती उजवे एकाच पेपरात हातमिळवणी करतायत असा मोठा गदारोळ झाला, आणि त्यात तथ्य होतं, नव्हतं असं नाही. १९९४मध्ये पेपर बंद.

हे सगळं आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे येतंय त्यात आम्ही उघडपणे आल्येच्या बाजूनं उभे आहोत आणि तो सज्जन होता असं आमचं म्हणणं अजिबात नाही. तो खोटं बोलायचा. भरपूर बोलायचा.

सगळ्यात मोठं उदाहरण एप्रिल १९८२चं. एका रात्री तो या क्लोजरीजवळून गायब झाला. कुठल्याशा क्रांतिकारी ब्रिगेडनं पळवल्याचं जाहीर झालं, पेपर, रेडिओ, टीव्ही नुसते पेटले, आणि आठवड्याभरानं साहेब परत हजर, मला किडनॅप केलं होतं म्हणून. कुणी विश्वास ठेवला नाही. त्यानंच रचलेला बनाव असं त्याचे मित्रही म्हणाले. यानं तरीही पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक काढलं.

मग प्रश्न असा येतो की अशा माणसाला देशाचा राष्ट्राध्यक्ष का घाबरेल?

(१० मे १९८१, मित्तराँ निवडून आले ती रात्र, जुनं फुटेज)

कारण याच्याकडे एक खरी गोष्ट होती. १९७९मध्ये आल्येनं जिस्कार देस्तँ या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षावर पुस्तकभर आग ओकली होती आणि १९८१मध्ये तो मित्तराँच्या बाजूनं होता. मित्तराँ जिंकले, आता आपल्याला काहीतरी मिळेल असं याला वाटलं आणि मिळालं काहीच नाही. दुखावला. आणि लिहायला बसला. मित्तराँना लग्नाबाहेरची एक मुलगी आहे, माझारीन, १९७४मध्ये जन्मलेली, आईबरोबर सरकारी घरात राहते, सरकारी बंदोबस्तात. मित्तराँनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व्हिशी सरकारची, म्हणजे नाझींशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच सरकारची, नोकरी केली आणि त्यांचं पदक घेतलं. मित्तराँना कॅन्सर आहे आणि तो लपवलाय. आता बघा, हे सगळं पुढे खरं निघालं. पॅरिसच्या पत्रकारांमध्ये मुलीबद्दल कितीतरी जणांना माहीत होतं, पण छापत कुणी नव्हतं. आल्ये हस्तलिखित घेऊन प्रकाशकांचे उंबरे झिजवत होता आणि कुणी हात लावेना. (त्या मुलीला यातलं काही कुणी विचारलं नव्हतं, तेही खरंच.)

(अँव्हालीदचा सोनेरी घुमट, मग रस्त्यावरून खालचा भाग)

आता हा घुमट बघा, नेपोलियनची कबर याच्याखाली आहे, टुरिस्टांची गर्दी असते. याच आवारात जमिनीखाली सरकारी फोन टॅपिंगचं केंद्र. ते चालायचं कसं ते जरा सावकाश समजून घेऊ. ऑगस्ट १९८२मध्ये पॅरिसच्या रोझिए गल्लीत ज्यूंच्या हॉटेलवर हल्ला झाला, सहा लोक मेले, आणि लगेच मित्तराँनी एलिझे राजवाड्यात, म्हणजे स्वतःच्या ऑफिसात, दहशतवादविरोधी एक खास सेल उभा केला. प्रमुख क्रिस्तियान प्रूतो, फ्रान्सच्या नावाजलेल्या कमांडो पथकाचे संस्थापक. सेलला ठरावीक लाइनी ऐकायची मुभा मिळाली. मागणी संरक्षण खात्यामार्फत जायची, कागदावर सुरक्षेचं काहीतरी कारण लिहायचं, वरून सही झाली की जमिनीखाली बसलेली माणसं कानाला हेडफोन लावून ऐकायची आणि कामाचं वाटेल ते टाइप करून एलिझेला पाठवायची. कोर्टाची परवानगी वगैरे काही नाही, कुणा न्यायाधीशाला पत्ताच नाही.

दहशतवादी पकडायला काढलेल्या या यंत्रणेनं जानेवारी १९८३ ते मार्च १९८६ मध्ये सुमारे १५० लोकांची ३ हजारांच्या आसपास संभाषणं टिपली. 'ल मोंद'चे पत्रकार एद्वी प्लेनेल त्यात होते. अभिनेत्री कारोल बूके होती. आणि आल्ये तर होताच, त्याचं घर, त्याचे मित्र, त्याच्या ओळखीपाळखीचे, इतकंच काय ही क्लोजरीसुद्धा. म्हणजे इथं बसून कुणी घरी फोन करून जेवायला उशीर होईल म्हणून सांगितलं तरी ते ऐकायला सरकारनं पगारी माणूस बसवलेला.

(टंकलिखित नोंदींचे कागद, क्लोजअप)

या नोंदींमधल्या काहींवर हातानं एक छोटा शब्द लिहिलेला सापडला. 'व्ह्यू'. पाहिलं. अक्षर मित्तराँचं.

(बेल्जियन टीव्ही, १९९३)

४ मार्च १९९३ला 'लिबेरास्यों' या दैनिकानं हे सगळं बाहेर काढलं. त्यानंतर बेल्जियमच्या टीव्हीवाल्यांनी मित्तराँना कॅमेऱ्यासमोर याबद्दल विचारलं. इथं आम्ही बोलत नाही, त्यांचा चेहरा बघा.

मुलाखत तिथंच संपवली त्यांनी.

त्यातलं एक सांगायला हवं, १९९०मध्ये युरोपियन मानवाधिकार कोर्टानं फ्रान्सला फोन टॅपिंगवरून दोषी धरलं होतं, म्हणून १९९१मध्ये नवीन कायदा आणि एक देखरेख आयोग आला. आल्येचा फोन ऐकला गेला तेव्हा यातलं काहीच नव्हतं. कायदाच नव्हता हो, ही जी भिंत असायला हवी होती माणूस आणि सरकारच्या मधे, ती बांधलेलीच नव्हती, आणि म्हणून आम्हाला हा विषय एका लेखकाच्या भानगडींपेक्षा मोठा वाटतो. माणूस खोटारडा आहे, पैशाचा गोंधळ घालतो, स्वतःचं अपहरण करवतो, मान्य. त्याच्यावर केस करा, पेपरात झोडा. त्याचा फोन ऐकायचा नाही.

नोव्हेंबर १९९४मध्ये 'पारी माच' या साप्ताहिकानं मित्तराँ आणि माझारीन या बापलेकीचा फोटो छापला, जानेवारी १९९६मध्ये मित्तराँ गेले, आणि त्याच वर्षी आल्येचं ते दाबलेलं पुस्तक शेवटी बाजारात आलं आणि धडाधड खपलं.

(दोव्हिल, समुद्राकडे जाणारा रस्ता, सकाळ)

१२ जानेवारी १९९७. नॉर्मंडीतलं दोव्हिल. सकाळी आल्ये सायकलवरून पडला आणि गेला. वय ६०. जवळपास न दिसणारा माणूस हिवाळ्यात सकाळी सायकलवर काय करत होता, यावर त्याच्या घरच्यांनी आणि मित्रांनी घातपाताचा संशय घेतला, तो आजही घेतला जातो. पण कोर्टात टिकेल असं काही त्यातून पुढे आलं नाही, म्हणून आम्ही त्यात शिरत नाही. जे सिद्ध झालंय तेच पुरेसं वाईट आहे.

(पॅरिसबाहेरचं उपनगर, गॅरेजची शटर)

कारण पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी १९९७मध्ये, पॅरिसच्या पश्चिमेला प्लेझीर गावात एका गॅरेजमध्ये प्रूतोंची खोकी सापडली. एलिझेच्या सेलचे कागद, सरकारी दप्तरात असायला हवे होते ते भाड्याच्या गॅरेजमध्ये. तपास करणारे न्यायाधीश कित्येक वर्षं कागद मागत होते आणि दरवेळी 'संरक्षणविषयक गुपित' हे उत्तर मिळत होतं. अशा शटरमागे होते ते.

खटला उभा राहायला २००४ साल उजाडलं. ९ नोव्हेंबर २००५ला निकाल लागला. या सगळ्याची प्रेरणा आणि मुख्य निर्णय मित्तराँचेच होते, असं कोर्टानं लिहून ठेवलं. त्यांच्या ऑफिसातले वरिष्ठ अधिकारी जिल मेनाज यांना सहा महिने, प्रूतोंना आठ महिने, दोघांना ५ हजार युरो दंड, कैद दोन्ही स्थगित, म्हणजे यासाठी तुरुंगात कुणी गेलं नाही.