सँक्शन: मंजुरी की शिक्षा?

श्रोतेहो, नमस्कार.

घरात महावितरणचं वीजबिल हाताशी असेल तर जरा काढा. त्यावर कुठेतरी ‘मंजूर भार’ असं छापलेलं दिसेल. इंग्रजीत तोच ‘सँक्शन्ड लोड’. बँकेतून फोन येतो, ‘तुमचं लोन सँक्शन झालं’, आणि घरात पेढे येतात. (पैसे खात्यात यायला वेळ असतो; सँक्शन वेगळं, वाटप वेगळं. पेढे जरा दमानं आणावेत.)

आणि संध्याकाळच्या बातम्यांत ऐकू येतं की अमुक देशावर सँक्शन्स आली. तिथे पेढे नाहीत, तिथे व्यापार बंद. मे १९९८मध्ये पोखरणला आपण अणुचाचण्या केल्या, तेव्हा अमेरिकेनं आपल्यावर लादली तीही सँक्शन्सच. एकच शब्द वर देतो आणि शापही देतो, हे कसं?

उत्तर लॅटिनमध्ये आहे. ‘सांकीरे’ म्हणजे पवित्र करणं, अभंग ठरवणं. संत या अर्थाचा इंग्रजी ‘सेंट’ हा शब्दही त्याच कुळातला. रोमन लोक कायदा असा पक्का करत, आणि तो मोडणाऱ्याला काय दंड हे सांगणारा कायद्याचा भाग म्हणजे ‘सांक्तिओ’. कायद्यावरची मोहोर आणि कायद्यातला दंडुका, दोन्ही एकाच घरचे. इंग्रजीत पुढे क्रियापद झालं तेव्हा आधी मोहोर आली. दंडाचा अर्थ त्याला चिकटला तो विसाव्या शतकात.

आपल्या ‘मंजूर’ची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. तो अरबीतून फारसीमार्गे आला, आणि ‘नजर’ हा त्याचा सख्खा भाऊ. मंजूर म्हणजे मुळात ‘पाहिलेलं’. कागद साहेबांच्या नजरेखालून गेला की मंजूर! सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला ही व्युत्पत्ती वेगळी समजवावी लागत नाही.

आता वापर. काय किंवा कुणाला सँक्शन केलं, ते बघा. खर्च, रजा, कर्ज, पद अशी गोष्ट असेल तर अर्थ मंजुरी. ‘द बँक सँक्शन्ड माय लोन’ हे बरोबर. ‘द बँक सँक्शन्ड मी’ म्हटलंत तर बँकेनं तुम्हालाच शिक्षा केली! माणूस, कंपनी किंवा देश कर्माच्या जागी आला की बहुधा दंडच समजावा. नामाचं म्हणाल तर, एकवचनी सँक्शन बहुतेकदा परवानगी. सरकारी नोकरावर लाचखोरीचा खटला चालवायला १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या १९व्या कलमाखाली लागते ती हीच. अनेकवचनी सँक्शन्स म्हणजे निर्बंध. गंमत म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं ४१वं कलम आर्थिक संबंध तोडण्याविषयी बोलतं, पण सँक्शन्स हा शब्द तिथे नाहीच.

तरी घोटाळा उरतोच. ‘द बोर्ड सँक्शन्ड द मॅच’ म्हणजे सामन्याला परवानगी. ‘द बोर्ड सँक्शन्ड द कॅप्टन’ म्हणजे कर्णधारावर कारवाई. मंडळ तेच, क्रियापद तेच. मराठीत ही पंचाईत शब्दाच्या शेपटीनं सुटते: सामन्या‘ला’ मंजुरी देतात, कर्णधारा‘वर’ कारवाई करतात. म्हणून इंग्रजी अर्जात हा शब्द लिहायची वेळ आली, तर वाक्य आधी मनात मराठीत म्हणून पाहा. ‘वर’ आलं, तर अर्ज पाठवायच्या आधी थांबा.

नमस्कार.