वकिलाविना मुलाचा ताबा मागताना

नमस्कार. तुमच्यापैकी काहींची तारीख अगदी जवळ आली असेल, म्हणून प्रस्तावना न करता सगळ्यात जास्त विचारल्या जाणाऱ्या प्रश्नालाच हात घालते. वकील न देता ताब्याचा अर्ज करता येतो का? येतो. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ मधलं कलम १३ तर त्याही पुढे जातं. या न्यायालयात वकिलामार्फत उभं राहणं हा कुणाचाही हक्क नाही, असं ते म्हणतं. त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. ती बहुतेक वेळा मिळते. त्यामुळे दालनाबाहेर काळे कोट भरपूर दिसतात आणि एकट्यानं आलेल्या माणसाला वाटतं, आपण भलत्याच ठिकाणी आलो. तसं मुळीच नाही. पुराव्याचे नियमसुद्धा कलम १४ नं इथं सैल केले आहेत. जिथं कौटुंबिक न्यायालय नाही, तिथं हाच अर्ज जिल्हा न्यायालयात जातो आणि तिथंही तुम्ही स्वतः उभे राहू शकता.

खरी अडचण येते ती लिहिताना. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक म्हणून काम करताना मी असे अर्ज खूप वाचले. सुरुवात लग्नाच्या बोलणीपासून. मग मानपान, सासूचे टोमणे, दागिने कुणी ठेवून घेतले, भांडणात कोण काय बोललं. मूल उगवतं पार शेवटी, तेही ‘सदर अज्ञान मुलगा’ म्हणून (कायद्याच्या भाषेत अज्ञान म्हणजे अल्पवयीन). लिहिणाऱ्याचं दुःख खोटं नसतं. पण न्यायाधीशांसमोर प्रश्न वेगळाच असतो. पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १७ नुसार त्यांना पाहायचं असतं मुलाचं वय, लिंग आणि धर्म, ताबा मागणाऱ्याचं चारित्र्य आणि कुवत, त्याचं मुलाशी नातं, आणि मूल जाणतं असेल तर त्याची पसंती. हिंदू कुटुंबांसाठी १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्वाचा कायदा आहे. त्याच्या कलम १३ नं मुलाचं हित सगळ्यात वर ठेवलंय. नवराबायकोत जास्त चूक कुणाची, याचा निवाडा या अर्जात व्हायचाच नसतो. म्हणून तर घटस्फोट जिंकलेली माणसं ताब्यात हरतात आणि थक्क होतात.

तेव्हा अर्जात मुलाचा दिवस लिहा. सकाळी त्याला उठवतं कोण. शाळेच्या डायरीवर सही कुणाची. ताप आला की कामावरून धावत कोण येतं, लशीचं कार्ड कुणाकडे आहे, त्याला गणित जमत नाही हे घरात कुणाला माहीत आहे. तुमची रात्रपाळी असेल तर त्या रात्री मूल कुणापाशी झोपणार, हेही लिहा. ही गोष्ट लोक हटकून लपवतात. मग उलटतपासणीत ती बाहेर निघते, आणि साधी अडचण एकदम लबाडी दिसू लागते. या बाबतीत वकिलापेक्षा तुम्हीच सरस आहात. त्याला हे सगळं तुमच्याकडूनच विचारून घ्यावं लागतं. भाषा साधी मराठी ठेवा, ‘सदरहू’ आणि ‘उपरोक्त’ नसले तरी अर्ज फेटाळला जात नाही.

कागदांचं थोडक्यात सांगते. अर्ज कुठे करायचा, तर मूल सामान्यतः जिथं राहतं तिथल्या न्यायालयात. तुमच्या माहेरच्या किंवा नोकरीच्या गावी नव्हे. पालक आणि पाल्य अधिनियमाच्या कलम १० मध्ये अर्जात काय हवं ते दिलंय: मुलाचं नाव, जन्मतारीख, राहण्याचं ठिकाण, सध्या ते कुणाकडे आहे, जवळचे नातेवाईक, आणि याआधी कुठे असा अर्ज झालाय का. शेवटची माहिती दडवू नका. अर्जाखाली सत्यापन, म्हणजे लिहिलेलं खरं आहे असं निवेदन, आणि सही लागते. निकालाला वेळ लागतो, म्हणून मूळ अर्जासोबतच त्याच अधिनियमाच्या कलम १२ खाली अंतरिम, म्हणजे तोवरच्या तात्पुरत्या आदेशासाठीचा, अर्ज द्या. निदान भेटी तरी सुरू होतात. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे, असं १९५६ चा कायदा म्हणतो. ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द वडिलांनी वाचावा आणि आईनंही विसरू नये.

समुपदेशकाकडे पाठवलं तर वेळकाढूपणा समजून कंटाळू नका. आधी समेटाचा प्रयत्न करणं हे कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम ९ नं न्यायालयावरच टाकलेलं काम आहे. न्यायाधीश कधी कधी मुलाशी स्वतःच्या दालनात बोलतात. आदल्या रात्री मुलाला पढवलेलं लगेच कळतं हो! सात वर्षांचं पोर जेव्हा ‘बाबा बेजबाबदार आहेत’ म्हणतं, तेव्हा तो शब्द कुणाचा आहे, हे समोरच्याला विचारावं लागत नाही.

आता आदेश बदलून घेण्याबद्दल. पुष्कळांना वाटतं, संमतीनं सह्या केल्या, आता आयुष्यभर बांधले गेलो. ताब्याचा आदेश असा कायमचा गोठत नाही. रोझी जेकब खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७३ मध्येच सांगितलं, की संमतीनं झालेला आदेशसुद्धा मुलाच्या हितासाठी बदलता येतो. हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ हुकूमनाम्यानंतरही, म्हणजे घटस्फोटासारख्या खटल्याचा निकाल लागल्यावरही, ही दारं उघडी ठेवतं. मात्र आदेशानंतर काय बदललं, ते दाखवावं लागतं. बदली झाली, दुसरं लग्न झालं, शाळा सुटली, भेटी नाकारल्या गेल्या, मूल मोठं होऊन वेगळं काही मागू लागलं. नक्कल विभागातून जुन्या आदेशाची प्रमाणित प्रत काढा आणि त्या तारखेपासून पुढची हकीकत लिहा. आधीची भांडणं पुन्हा उगाळलीत, तर ‘हे तेव्हाच का नाही मांडलं?’ हा प्रश्न ठरलेला. आणि नवा आदेश होईपर्यंत जुना पाळा. भेटीहून मूल परत न पाठवता ‘आता बदलाचा अर्ज करतो’ म्हणणाऱ्याची बाजू तिथंच लंगडी पडते.

एकट्यानं कुठे जाऊ नये, तेही सांगते. मुलाला परदेशी नेलंय किंवा नेण्याची भीती आहे, लैंगिक अत्याचाराचा आरोप आहे, किंवा समोरच्यासमोर उभं राहिलं की तुमचा आवाजच फुटत नाही, अशा वेळी वकील घ्या. पैशाचा प्रश्न असेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चं कलम १२ आहे. त्यानुसार स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा किंवा त्या कलमातली दुसरी एखादी अट लागू होते. हेल्पलाइन १५१००. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथं जाताना अर्जाचा कच्चा मसुदा सोबत न्या.