एका गाईचे 31 किलो

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

पत्रिकेवर माझा विषय छापला आहे 'आफ्रिकेची हवामान-उद्दिष्टं आणि प्रादेशिक क्षमताबांधणी'. तिथवर जायला मी जरा लांबची वाट धरणार आहे. ही वाट युगांडातल्या एका कुरणातून जाते. तुमच्यातले पुष्कळजण दूधधंद्यातले आहेत, तेव्हा गाईपासूनच सुरुवात करते.

चारा पोटात आंबतो, गाय रवंथ करते आणि मिथेन वायू तयार होतो. लोकांना वाटतं तो मागून जातो. तसं नाही, बहुतेक सगळा तोंडावाटे, ढेकरातून जातो. हसा, पण उद्या सकाळी गोठ्यात जरा गाईच्या तोंडाशी उभे राहा म्हणजे पटेल.

प्रत्येक देशाला आपण किती वायू सोडतो याचा हिशेब जगाला द्यावा लागतो. एकेक गाय मोजणं शक्य नाही, म्हणून 2006 सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक पुस्तिकेत तयार आकडे दिले आहेत. आफ्रिका आणि मध्यपूर्व मिळून एकच ओळ आहे: दुभती गाय वर्षाला 46 किलो मिथेन, बाकी सगळी गुरं 31 किलो. इथे मी खिलार बैल आणि डांगी कालवड एकाच मापाने मोजली तर तुम्ही मला व्यासपीठावरून खाली उतरवाल. तिथे अख्ख्या खंडाला हे एकच माप लागलं.

यातली खरी अडचण पुढेच आहे. समजा एखाद्या देशाने चारा सुधारला, आजार कमी केले, तेवढंच दूध कमी गाईंवर निघायला लागलं, तर लिटरमागे मिथेन कमी होतो. पण कागदावर गाय 31 किंवा 46 चीच राहते. गुरांची संख्या घटेल तेवढीच घट दिसते, चाऱ्यात ओतलेली मेहनत कुठेच दिसत नाही. युगांडाने 2022 मध्ये जगाला वचन दिलं की 2030 पर्यंत, काहीच न करता जेवढे वायू सुटले असते त्याहून 24.7 टक्के कमी सोडू. वचन दशांशापर्यंत काटेकोर, आणि गाईला मात्र 31 चा ठोकळा! वचन पाळलं तरी ते सिद्ध कसं करणार?

यावर उपाय म्हणजे आपल्या गाईचा आपला आकडा काढायचा. त्यासाठी वजन, वाढ, दूध, चाऱ्याची पचनीयता हे सगळं लागतं. वजनकाटा गावोगाव नेणं कठीण, म्हणून छातीचा घेर मोजून वजनाचा अंदाज बांधतात. ते तुम्हाला नवीन नाही.

युगांडातल्या म्बराराच्या बाजूला आम्ही अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणातला एक दिवस ठेवला होता. अंकोले गाई पाहिल्या आहेत कुणी? शिंगं अशी, दोन्ही हात पसरले तरी कवेत येणार नाहीत. टेप वशिंडाच्या मागून टाकायची, पुढच्या पायांच्या मागून खाली घ्यायची. म्हणजे वाकावं लागतं, आणि वाकलं की शिंगं बरोबर डोक्यावर. गुराखी पोरगा काहीतरी पुटपुटत गाईची मान खाजवत उभा राहिला तेव्हा कुठे ती स्थिर झाली. घेर पहिल्यांदा 154 सेंटिमीटर, दुसऱ्यांदा 151. दोन्ही बरोबर, कारण मधे गाईने श्वास घेतला होता. श्वास सोडल्यावर वाचायचं, हे तिथे सगळ्यांनी आपापल्या वहीत लिहून घेतलं. मग घेरावरून वजन सांगणारा तक्ता काढला. तो युरोपातल्या गाईंवर बेतलेला. तीच गाय काट्यावर चढवली आणि तक्ता चांगलाच चुकला.

त्या वर्गात रवांडाच्या पशुसंवर्धन खात्यातल्या एक बाई होत्या. त्या गाईकडे बघून म्हणाल्या, "ह्या तर आमच्याच. आम्ही यांना इन्याम्बो म्हणतो." शेजारी बुरुंडीचा तरुण अधिकारी बसला होता. त्याला इंग्रजी जड जात होतं, आमचं फ्रेंच बेताचं. पण किन्यारवांडा आणि किरुंडी या भाषा इतक्या जवळच्या की बाईंनी दुपारभर त्याला सगळं गणित त्यांच्या बोलीत समजावलं. माझ्या तीन दिवसांच्या तासांनी झालं नव्हतं ते काम त्या दुपारी झालं. 'प्रादेशिक' या शब्दाचा अर्थ मला तिथे कळला. गाय तीच, गवत तेच, बोली कळणारी. मग तक्ता प्रत्येकाने वेगळा कशाला करायचा? आणि तो युरोपातून तरी का आणायचा?

आता माझं दुखणं सांगते. देशाचं नाव घेत नाही. तिथला वायूंच्या हिशेबाचा आधीचा अहवाल बाहेरच्या सल्लागाराने केला होता. मी मूळ फाईल मागितली. चार खोल्या फिरल्यावर एक पेनड्राइव्ह मिळाला. उघडून बघते तर चौकटींत सूत्रं नाहीत, नुसते आकडे चिकटवलेले. कुठला आकडा कुठून आला हे सांगणारा माणूस करार संपल्यावर निघून गेलेला, आणि खात्यात ज्याला थोडंफार माहीत होतं त्याची बदली झालेली. कार्यशाळेची प्रमाणपत्रं मात्र भिंतीवर चौकटीत लावलेली. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आजही वाटतं. त्या खात्यातली माणसं हुशार होती. त्यांच्या हाती त्यांचाच हिशेब कुणी ठेवला नव्हता.

चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरली म्हणून. मुख्य विषय आता भराभर सांगते.

क्योटो या हवामान-कराराच्या काळात कार्बन-प्रकल्पांचा, म्हणजे वायू कमी करून ती घट विकणाऱ्या प्रकल्पांचा, बाजार उभा राहिला. चीन आणि भारत पुढे गेले, आपल्या धुळे-साताऱ्याच्या पवनचक्क्याही त्यात होत्या. आफ्रिकेच्या वाट्याला शंभरातले जेमतेम दोन-तीन प्रकल्प आले. वारा-ऊन कमी होतं म्हणून नव्हे, कागद करणारे हात कमी होते म्हणून. 2006 मध्ये नैरोबी आराखडा आला तो यासाठीच. 2013 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान सचिवालयाने टोगोतल्या लोमे आणि युगांडातल्या कंपाला इथे प्रादेशिक केंद्रं काढली. लोमेला पश्चिम आफ्रिकेची विकास बँक, कंपालाला पूर्व आफ्रिकेची, अशा तिथल्याच बँका जोडीला घेतल्या.

पॅरिस करारानंतर काम वाढलं. दर दोन वर्षांनी पारदर्शकता अहवाल, पहिल्याची मुदत 31 डिसेंबर 2024. अतिगरीब देशांना सवलत आहे, पण हिशेब ठेवावाच लागतो. शिवाय कार्बन विकायचा, म्हणजे आपण केलेली घट दुसऱ्या देशाला विकायची, तर विकलेला टन आपल्या वहीत पुन्हा धरायचा नाही. घानाने 2020 मध्ये स्वित्झर्लंडशी करार केला, त्यात हे आलंच. अशी वाटाघाट एकट्या छोट्या देशाला झेपत नाही, म्हणून 2017 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या आणि 2019 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी आपापली आघाडी केली.

आणि असं एकत्र काम करणं अशक्य नाही. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा पट्टा म्हणजे साहेल, तिथल्या दुष्काळानंतर तिथल्या देशांनी 1974 मध्ये नायजर देशातल्या नियामेला अ‍ॅग्रीमेट केंद्र काढलं, आजही तिथे शेती-हवामानाची माणसं फ्रेंचमधून तयार होतात. पूर्व आफ्रिकेतल्या देशांचे हवामानतज्ज्ञ पावसाच्या हंगामाआधी एकत्र बसून सामायिक अंदाज काढतात, 1998 पासून. ढगाला सीमा नाही हे त्यांनी कधीच ओळखलं, तसंच गाईचंही व्हायला हवं. नैरोबीच्या माझिंगिरा प्रयोगशाळेत गाईंना बंद कक्षात ठेवून त्यांचा मिथेन मोजतात. ते आकडे कंपालाच्या, रवांडातल्या किगालीच्या खात्यात पोचायला हवेत, आणि ते वापरणारा माणूस किमान दोन अहवाल होईपर्यंत त्याच खुर्चीत राहायला हवा. पैसा द्यायचा तर त्या खुर्चीच्या पगाराला द्या, एवढंच मागणं मी प्रत्येक बैठकीत करते.

वेळ संपली. म्बराराची टेप मी आणली आहे, 151 च्या खुणेशी शेण अजून लागलेलं आहे. चहाच्या वेळी ज्यांना बघायची असेल त्यांनी या.