केबिनमधला दाब

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधलं क्लोनकरी. १७ मे १९२८ रोजी इथून एक डॉक्टर भाड्याच्या विमानानं ज्युलिया क्रीकला निघाला. विमानात रेडिओ नव्हता. पायलट नद्या, कुंपणं आणि तारांचे खांब बघत वाट काढायचा. रेव्हरंड जॉन फ्लिन यांनी वर्षानुवर्षं ध्यास घेतलेली, दूरच्या पेशंटपर्यंत विमानानं उपचार पोचवणारी फ्लाइंग डॉक्टर सेवा अशी सुरू झाली.

आज या सेवेच्या विमानांत व्हेंटिलेटर आहे, मॉनिटर आहे. पण उंचीचा नियम तेव्हाचाच आहे. वर जावं तसा हवेचा दाब घटतो आणि शरीरात कोंडलेली हवा फुगते. केबिनमधला दाब ८,००० फुटांवरच्या दाबाइतका असेल, तर ती साधारण एक तृतीयांशानं वाढते.

छातीला मार बसून फुप्फुसाबाहेर थोडी हवा साठलेला पेशंट घ्या. जमिनीवर तो नीट बोलत असतो. वर गेल्यावर तीच हवा फुप्फुस दाबू लागते, धाप लागते, रक्तदाबही कोसळू शकतो. म्हणून छातीत नळी घालायची का, हे विमानाचं दार लागण्याआधीच ठरवावं लागतं. श्वासनलिकेत घातलेल्या नळीलाही एक छोटा फुगा असतो. त्यातला दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटर उंचीइतका राखायचा. विमान चढताना त्यातली हवा थोडी काढायची, उतरताना पुन्हा भरायची. भरायचं राहिलं, तर बाजूनं हवा गळते.

वाचून हे समजतं. हात बसतो तो सरावानंच. सरावाचा पुतळा केबिनएवढ्या जागेत स्ट्रेचरला बांधलेला असतो. ताठ उभं राहता येत नाही, पलीकडच्या बाजूला हात पोचत नाही. इंजिनाच्या आवाजात स्टेथोस्कोपमधून काही ऐकू येत नाही. भिस्त असते ती छातीच्या हालचालीवर, बोटांखालच्या नाडीवर आणि मॉनिटरवर उमटणाऱ्या, उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या रेघेवर. त्यातच शिकवणारा गुपचूप ऑक्सिजनची नळी काढून ठेवतो.

मला याहून मोलाचा वाटतो तो बोलण्याचा सराव. कित्येक उड्डाणांत डॉक्टर नसतोच, पेशंटजवळ फ्लाइट नर्स एकटी असते. "केबिनचा दाब जमिनीवरच्याइतका ठेवा," असं पायलटला तिनंच सांगायचं असतं. त्यासाठी विमान खालून न्यावं लागतं, इंधन जास्त जळतं, हेलकावेही वाढतात. पायलट हिशेब करून नाही म्हणू शकतो. मग दोघांनी मिळून मधली उंची ठरवायची. हा संवाद विमान धावपट्टीवर उभं असतानाच पुन्हा पुन्हा करून घ्यायला हवा, पायलटला सोबत बसवून.