दादर टीटीमधला पहिला ‘टी’

(दृश्य: सकाळ. दादर पूर्व, खोदादाद सर्कल. थांब्याला लागलेली बस.)

“टीटी, टीटी! उतरा चला, टीटी!” कंडक्टरची हाक येते आणि चार-पाच जण दाराकडे सरकतात. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. उतरणाऱ्यांपैकी एकानंही ट्राम पाहिलेली नाही. बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम आली ती 31 मार्च 1964 ला. रूळ गेले, हाक राहिली.

मुंबईत ट्राम आली 1874 मध्ये, घोड्यांनी ओढलेली. 1907 मध्ये ती विजेवर धावू लागली, 1920 मध्ये दुमजली झाली. मोटारबस त्यामानानं उशिरा आली. 15 जुलै 1926 ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस सुटली. आणि पुढच्या अडतीस वर्षांत या धाकट्या बसनं थोरल्या ट्रामला घरी बसवलं.

रुळांवरची गाडी टायरवरच्या गाडीपुढे हरली कशी? समोर हातगाडी आडवी आली तर बस जरा बाजूला घेऊन निघून जाते. ट्राम तिथंच उभी, घंटा वाजवत. तिचे रूळ रस्त्यातच होते. मोटारी वाढल्या तशी ती सगळ्यांना अडचण वाटू लागली. फ्लोरा फाउंटनपाशी खोदकाम करताना तिचे रूळ पुन्हा सापडले, तेव्हा लोक थांबून फोटो काढत होते.

(दृश्य: संध्याकाळ. दादरचा फलाट. फास्ट लोकल येते आहे.)

आता हेही रूळच. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली. ट्रामसारखं इथं मधे कुणी येत नाही. रूळ, सिग्नल, जमीन, सगळं रेल्वेचं स्वतःचं. म्हणून गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांना एक लोकल सोडता येते.

जरा हिशेब मांडू. बारा डब्यांच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी चार हजार माणसं सहज कोंबलेली असतात. (‘सहज’ हा शब्द तिघांच्या बाकावर चौथा म्हणून अर्धा टेकलेल्या माणसाला विचारून वापरावा.) एका बसमध्ये पासष्ट माणसं धरली, तर एका लोकलच्या माणसांना साठ-एक बस लागतील. त्या नुसत्या एकीला एक चिकटवून उभ्या केल्या तरी पाऊण किलोमीटर लांब रांग होईल. आणि मागून पुढची लोकल येतेच आहे.

पण हेच रूळ जिथं रस्त्याला भेटतात तिथं काय होतं? दिवा स्टेशनजवळच्या रेल्वे फाटकाबद्दल मध्य रेल्वेच्या प्रवाशाला काही सांगावं लागत नाही. फाटक वेळेत बंद झालं नाही की लोकल खोळंबते, आणि तिच्या मागच्याही.

(दृश्य: अंधेरी पूर्व, आगरकर चौक.)

लोकल शहर उभं चिरत जाते, दक्षिणेकडून उत्तरेकडे. आडवं जायचं तर? अंधेरीहून घाटकोपरला, कुर्ल्याला? तिथं वर्षानुवर्षं बसच. 332, 340 हे आकडे इथल्या कित्येकांना घरच्या फोन नंबरासारखे पाठ.

थांब्यावर अर्धा तास बस नाही आणि मग एकदम तीन. लोक डेपोला शिव्या घालतात. खरा प्रकार असा असतो: पहिली बस सिग्नलला अडकते. तिला उशीर होतो तोवर पुढच्या थांब्यावर माणसं साठतात. ती चढेपर्यंत आणखी उशीर. मागच्या बसला मात्र थांबे रिकामे मिळतात, ती भरभर येऊन पहिलीला गाठते. तिसरीही तशीच. आगारातून तिघी वेळेवरच निघालेल्या असतात.

8 जून 2014 ला वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली. 11.4 किलोमीटर, एकवीस मिनिटं. खाली तोच रस्ता, त्याच रिक्षा, तेच खड्डे. मेट्रोला त्यांच्याशी देणंघेणंच नाही.

म्हणून बसला कमी लेखू नका. 2020 च्या मार्चमध्ये लोकल बंद झाली. रुग्णालयातले कर्मचारी, सफाई कामगार कामावर गेले ते बेस्टच्या बसनं. मदतीला एसटीच्या गाड्याही मुंबईत उतरल्या. एसटीचा लाल डबा मुंबईच्या बसथांब्यावर, हे चित्र एरवी दिसलं नसतं. काल नव्हता तो मार्ग बस आज सुरू करू शकते. रेल्वेला त्यासाठी वर्षं लागतात, मेट्रोलाही.

मग बसला तिचा स्वतःचा रस्ता दिला तर?

(दृश्य: पुणे. नगर रस्ता.)

पुण्यानं दिला होता. 2006 मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली, देशातला असा पहिला प्रयोग. रस्त्याच्या मधे बससाठी राखीव मार्गिका. सुरुवातीपासून तिच्यात दुचाकी घुसत राहिल्या, मग रिक्षा, मग मोटारी. पुणेकर दुचाकीस्वाराला रिकामा रस्ता दिसला आणि तो गेला नाही, असं कधी झालंय? पुढे नगर रस्त्यावरही बीआरटी आली. आणि शेजारच्या मोटारींच्या रांगेतून ओरड सुरू झाली: इथं आम्ही तुंबलोय, आणि ती मार्गिका रिकामी!

रिकामी दिसणारच. बस दोन मिनिटांनी एक आली तरी मधली दोन मिनिटं तिथं कुणी नसतं. दोन लोकलच्या मधे रूळही असेच रिकामे पडलेले असतात. ‘तेवढ्यात आमच्या गाड्या जाऊ द्या,’ असं रेल्वेला कुणी म्हणत नाही.

2023 मध्ये येरवडा ते विमाननगर पट्ट्यातली बीआरटी काढून टाकली. मार्च 2024 मध्ये त्याच नगर रस्त्यावर, खांबांवरून, रामवाडीपर्यंत मेट्रो धावू लागली.

(दृश्य: पुण्यातल्या नगर रस्त्यावरचा एक चौक, संध्याकाळ. कॅमेरा वरून खाली.)

वरून मेट्रो जाते. खाली पीएमपीची बस सिग्नलला उभी आहे. तिच्यापुढे एक टेम्पो, त्याच्यापुढे सात मोटारी, बहुतेकींत एकेकच माणूस. बसमध्ये उभे असलेलेच तीसएक. सिग्नल हिरवा होतो. टेम्पो बंद पडलाय. कंडक्टर खिडकीतून डोकं बाहेर काढून बघतो आणि पुन्हा तिकिटं फाडायला लागतो.