भित्र्याला सेनापतिपदाची सनद

१७०९ चा उन्हाळा. स्वीडनविरुद्धची पोल्टाव्हाची लढाई जिंकलेल्या रशियाच्या झार पीटरनं मॉस्कोत घाईघाईनं एक पदक घडवायला सांगितलं. चांदीचं, जवळपास चार किलो वजनाचं. त्यावर झाडाला लटकलेला जूडास, तीस नाण्यांसाठी येशूला दगा देणारा त्याचा शिष्य. खाली ती तीस नाणी, शेजारी थैली. गळ्यात अडकवायला जाड साखळी. मानकरी ठरला होता स्वीडनला जाऊन मिळालेला युक्रेनचा सेनानी माझेपा. तो हाती लागलाच नाही. त्याच वर्षी परमुलखात वारला. मग ते ओझं पडलं युरी शाखोव्हस्कोयच्या गळ्यात. जन्मानं खानदानी, पण दरबारात विदूषक.

या पदकाचं हसू येत नाही. वरच्यानं खालच्याची मान वाकवलेली तेवढी दिसते.

आता पोलंडला येऊ. काळ सोळाव्या शतकातला. लुब्लिनजवळच्या बाबिन गावचा जहागीरदार स्तानिस्वाव्ह प्शोंका यानं काशोव्हस्की या मित्राला हाताशी धरून 'बाबिनचं प्रजासत्ताक' नावाचं थट्टेखोर मंडळ थाटलं. मेजवानी रंगात आली, की कुणीतरी भित्रा उमराव रणांगणावरच्या पराक्रमाच्या बाता मारू लागे. मंडळी ऐकून घेत. मग त्याच्या हाती सनद पडे, भल्या मोठ्या मोहरेची, थेट राजदरबारातून आल्यासारखी: आजपासून आपण आमचे हेटमन. म्हणजे सरसेनापती! शिकारीच्या थापा मारणारा शिकारखान्याचा प्रमुख होई.

पण खरा घाव सेनापतिपदाचाच. पोलिश उमराव जमीनजुमला आणि सवलती भोगत ते एका बोलीवर: शत्रू चालून आला, की घोड्यावर मांड ठोकून लढायला निघायचं. रणातून पाय काढणारा उमराव त्या बोलीलाच काळिमा फासत होता. हे त्याला तोंडावर सुनावणं म्हणजे तलवारी उपसण्याचा प्रसंग. बाबिनमध्ये ते सनदेवर लिहून मिळे, आणि घेणारा त्याच पंगतीत बसून राही, कारण शेजाऱ्याच्या पदरातही तसाच कागद असे. मला बाबिन जवळचं वाटतं ते यासाठी. हा खेळ शंभर वर्षांहून अधिक चालला.

राजा झिगमुंट ऑगस्टच्या कानावरही ही खबर गेली. त्यानं विचारलं म्हणे, "तुमच्या प्रजासत्ताकाला राजा आहे का?"

प्शोंका म्हणाला, "महाराज, आपण हयात असताना दुसरा निवडायचं आमच्या मनातही येणार नाही."